डेलियाचे ‘विषाणुमुक्त’ बेणे : एका शब्दामागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि खाली हल्याळ-जोयड्यापर्यंतच्या पट्ट्यात शेवंती, झेंडू, निशिगंध करणारा शेतकरी चार-पाच गुंठे डेलियाला द्यायचे म्हणू लागला, की पहिला प्रश्न बेण्याचा येतो. कंद घ्यावेत की कटिंगची रोपे, ती कोणाकडून घ्यावीत, आणि विकणारा ज्या शब्दावर चार पैसे जास्त मागतो तो ‘विषाणुमुक्त’ हा शब्द नेमके काय सांगतो, हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतला शेवटचा सर्वांत कमी विचारला जातो. वास्तविक गेल्या सत्तर वर्षांतली डेलियाच्या बेण्याची बरीचशी घडामोड त्याच एका शब्दाभोवती फिरत आली आहे.

डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १७८९ मध्ये तो माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचला आणि १७९१ मध्ये डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याचे शास्त्रीय नाव ठरले. आपण त्याला डेलिया म्हणतो, शिरसीकडच्या कन्नड घरांत पावसाळी अंगणात फुलणारा तो ‘डेरे’ होतो. युरोपात गेल्यावर संकरातून त्याचे हजारो वाण झाले. बेण्याच्या दृष्टीने या काळातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. बहुतेक झाडांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर बागेतल्या डेलियात आठ संच, म्हणजे ६४ गुणसूत्रे असतात. त्यामुळे बी पेरले की प्रत्येक रोप वेगळेच निघते. आवडलेला वाण जसाच्या तसा राखायचा तर कंद फोडणे किंवा फांदी लावणे याखेरीज मार्ग नाही. याचाच अर्थ एखाद्या वाणाची जगभरची सगळी झाडे ही एकाच झाडाचे वाढत गेलेले अंग असतात, आणि त्या अंगात एकदा शिरलेला विषाणू बेण्याबरोबर वर्षानुवर्षे पुढे जात राहतो.

येथे ‘कंद’ या शब्दाचाही थोडा खुलासा करावा लागेल, कारण आपल्या भागातल्या दोन ओळखीच्या पिकांमुळे गैरसमज होतो. बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे, पाठ्यपुस्तके त्याला ग्रंथिक्षोड म्हणतात, आणि त्याच्या अंगभर डोळे असल्याने फोडी करून लावता येतो. रताळे हे फुगलेले मूळ आहे, त्याला डोळे दिसत नाहीत, तरी पुरून ठेवले तर अंगातूनच कोंब फुटतात. बेळगावच्या पश्चिमेकडे रताळ्याचे वेल करणाऱ्यांना हे सांगायला नको. डेलियाचा कंदही फुगलेले मूळच आहे, पण त्याच्या अंगातून काहीही फुटत नाही. त्याचे डोळे फक्त मानेच्या वर, जुन्या खोडाला चिकटलेल्या भागात असतात. मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी बेणे म्हणून त्याची किंमत शून्य. याउलट मानेजवळ खुरट्या, जाडसर कोंबांचा फुलकोबीसारखा पुंजका दिसला तर नवखा माणूस ‘भरपूर डोळे आहेत’ म्हणून खूश होतो. बहुधा ती जिवाणूमुळे झालेली गाठ असते आणि असा कंद जाळून टाकणेच योग्य. विषाणूशी तिचा संबंध नाही, तरी विक्रेत्याशी भांडताना दोन्ही एकाच नावाखाली येतात.

डेलियावरचा मोझॅक हा रोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओळखला गेला आणि मावा ही कीड त्याचा प्रसार करते, हे १९३०च्या दशकात स्पष्ट झाले. पानाच्या शिरांलगत फिकट-पिवळे पट्टे, आखडलेली पाने आणि खुजे झाड ही त्याची लक्षणे. पण काही वाण आतून बाधित असूनही वरून ठणठणीत दिसतात, आणि पुढची सगळी अडचण येथेच सुरू होते. चिकोडी-अथणीच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. तेव्हा शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी होते, मोझॅकमध्ये पिवळेपणा शिरेला धरून असतो. एवढा फरक डोळ्यांना कळतो, त्यापलीकडे डोळ्यांचा भरवसा धरता येत नाही.

१९५२ मध्ये फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी जे केले त्याचा उल्लेख आपल्याकडे बटाटा किंवा केळीच्या संदर्भात होतो, पण त्याची सुरुवात डेलियावर झाली होती, हे सहसा सांगितले जात नाही. वाढत्या कोंबाच्या अगदी टोकाशी, मिलिमीटरच्या काही दशांश भागात, विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो. मोझॅकग्रस्त डेलियाचे तेवढेच टोक कापून त्यांनी काचेच्या नळीत वाढवले. त्या चिमुकल्या कोंबांना मुळे फुटेनात, म्हणून बीपासून वाढवलेल्या निरोगी डेलियाच्या रोपांवर त्यांचे कलम केले आणि रोगी वाणापासून निरोगी झाड मिळाले. बटाट्यावर हाच प्रयोग त्यानंतर झाला. आज आपल्या भागात ‘टिश्यू कल्चर’ म्हटले की केळीची रोपे आठवतात. त्या तंत्रातल्या विषाणू काढून टाकण्याच्या भागाचा पहिला मान या फुलाचा आहे.

पुढची पंचवीस-तीस वर्षे समज सरळ होता. रोगी झाड घ्यावे, काही आठवडे उष्णतेत ठेवून विषाणूची वाढ रोखावी, कोंबाचे टोक काढावे, रोप वाढवावे आणि तपासावे. १९७०च्या दशकात विषाणूची प्रथिने ओळखणारी एलायझा चाचणी आली, नंतर त्याच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा शोधणारी पीसीआर आली, आणि तपासणे स्वस्त व नेमके होत गेले. भारतात बटाट्याच्या बेण्यासाठी मैदानी प्रदेशात मावा नसलेला काळ साधून लागवड करण्याची पद्धत १९६०च्या दशकापासून बसवली गेली आणि २००६ पासून ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या, रोपांच्या प्रमाणनाची केंद्रीय व्यवस्था आली, जिच्यात ठरावीक विषाणूंच्या चाचणीला जागा आहे. ही व्यवस्था केळी, ऊस, बटाटा अशा पिकांच्या गरजेतून उभी राहिली. फुलांचे छोटे शेत करणाऱ्याच्या पदरात त्यातून आला तो प्रामुख्याने शब्द. चाचणी मागेच राहिली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आणि त्याच सुमारास तो शब्दच अडचणीत आला. डेलिया मोझॅकचा विषाणू डीएनए असलेल्या एका विषाणुकुळातला आहे. २००७-०८ च्या दरम्यान अमेरिकेत झालेल्या कामातून असे दिसले, की या विषाणूचे जे प्रकार म्हणून नोंदले जात होते त्यांतला एक प्रत्यक्षात डेलियाच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच बसलेला आहे. कधी तरी, फार पूर्वी, विषाणूचे जनुकीय द्रव्य झाडाच्या जनुकांत मिसळले आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिले. बीपासून वाढवलेले रोप मोझॅकपासून मुक्त असते, ही जुनी समजूत या प्रकारापुरती तरी खोटी ठरली. कोंबाचे टोक कितीही बारीक कापले तरी हा प्रकार निघणार नाही, कारण तो पेशीपेशीत आहे. पीसीआरसारखी चाचणी त्याचा तुकडा शोधायला लावली तर निरोगी झाडही ‘बाधित’ म्हणून पुढे येणार. घरात घुसलेला चोर आणि भिंतीवर टांगलेली पणजोबांची तसबीर यांत चाचणीला फरक करता येत नाही, अशातली ही गोष्ट.

मग ‘विषाणुमुक्त’ म्हणायचे कशाला? शब्दाच्या पोटात शिरले तर विक्रेत्याने ‘कोणताच विषाणू नाही’ असे वचन दिले, असा अर्थ होतो, आणि असे वचन कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही. चाचणी नेहमी नाव असलेल्या विषाणूंची होते. डेलियाच्या बाबतीत त्यांत मोझॅकचा बाहेरून येणारा प्रकार, तंबाखू स्ट्रीक, काकडी मोझॅक, टोमॅटो स्पॉटेड विल्ट ही नावे येतात, शिवाय विषाणूहूनही लहान असलेले व्हायरॉइड वेगळे. म्हणून परदेशांत काळजीपूर्वक लिहिणारे लोक ‘विषाणू-चाचणी केलेले’ असे लिहू लागले. म्हणजे अमुक तारखेला, अमुक झाडाचे, अमुक विषाणूंसाठी परीक्षण केले आणि ते आढळले नाहीत. मराठीत हा शब्द रुजला नाही. ‘विषाणुमुक्त’ सुटसुटीत आहे, पाटीवर मावतो, आणि ग्राहकालाही तोच ऐकायचा असतो.

सीमाभागात गुंता आणखी एका कारणाने वाढतो. कन्नड माहितीपत्रकांत विषाणुजन्य रोगाला ‘नंजु रोग’ म्हणतात. नंजु म्हणजे विष, आपल्या विषाणूतही विषच आहे, आणि मूळ लॅटिन शब्दाचाही अर्थ तोच, तेव्हा येथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. पण ‘रोगमुक्त’ हा शब्द दोन्हीकडे आहे आणि तो बुरशी, जिवाणू, विषाणू या सगळ्यांना पोटात घेतो. त्यात बोलीतले शब्द मिसळतात. भेंडी पिवळी पडली की केवडा, टोमॅटो आखडला की बोकड्या, संकेश्वरकडची मिरची आखडली की चुरडा-मुरडा; हा शेवटचा शब्द तर कर्नाटकातल्या इंग्रजी शोधनिबंधांतही ‘मुर्डा’ म्हणून जाऊन बसला आहे. मिरचीच्या मुरड्यामागे फुलकिडे, कोळी आणि विषाणू असे तिन्ही असू शकतात. तोच शब्द शेतकरी डेलियाला लावतो तेव्हा विक्रेता म्हणतो, ‘ही कीड आहे, विषाणू नव्हे’, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

खरा वाद मात्र शब्दाहून एका निर्णयाचा आहे: चाचणीत बाधित निघालेले, पण लक्षण न दाखवणारे झाड उपटायचे की ठेवायचे? अमेरिकेत हौशी डेलिया करणाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर नमुने तपासून घेतले तेव्हा दिसायला निकोप असलेली कितीतरी झाडे कोणत्या ना कोणत्या विषाणूने बाधित निघाली, विशेषतः तंबाखू स्ट्रीकने. एका पक्षाचे म्हणणे असे, की असे प्रत्येक झाड शेजारच्या झाडांना धोका आहे, ते जाळा. दुसऱ्याचे म्हणणे असे, की त्याने जुने वाण संपतील, आणि फुले विकणाऱ्याला फूल हवे असते, प्रमाणपत्र नव्हे. प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्या पक्षाकडे आहे, पण अटीसह. ज्याच्याकडून कटिंग घ्यायचे त्या मातृझाडाला हा नियम कठोरपणे लावावा, फक्त फुलांसाठी असलेल्या वाफ्याला नाही. आणि गुणसूत्रांत बसलेल्या प्रकाराच्या नावावर कोणी झाडे उपटायला लावत असेल, तर त्याला चाचणी कोणत्या प्रकारासाठी केली हे आधी विचारावे. एका कंदाला उबदार, ओलसर भुशात जागे केले की आठ-दहा कटिंगे सहज निघतात. मातृझाड बाधित असेल तर ती सगळी रोपे रोगच घेऊन जातात, म्हणून कठोरपणा तेथेच उपयोगी पडतो.

आपल्या भागात हा कठोरपणा टिकवणे सोपे नाही, याची कारणे शिवारातच आहेत. निपाणीची तंबाखू आणि ठिकठिकाणची मिरची या दोन्ही पिकांवर हिरवा मावा येतो, आणि तोच मावा डेलियावर येतो. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजरगवत, ज्याला गावोगाव ‘काँग्रेस’ म्हणतात, ते बांधाबांधावर आहे. तंबाखू स्ट्रीकचा विषाणू त्याच्यात लक्षण न दाखवता राहतो, त्याच्या परागकणांतून फुलकिड्यांबरोबर दुसऱ्या झाडावर जातो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात सूर्यफुलावर आणि २००० साली आंध्रात भुईमुगावर या विषाणूने जे नुकसान केले, त्यात गाजरगवताचा वाटा मोठा होता. तेव्हा चाचणी केलेले रोप आणून उघड्या बांधाशेजारी लावले, तर त्याचे स्वच्छपण किती दिवस टिकेल, हा प्रश्न राहतो. कोंबाच्या टोकातून आलेले झाड निरोगी असते, प्रतिकारक नसते, ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत.

कीटकनाशकाचाही येथे मर्यादितच उपयोग आहे. काकडी मोझॅकसारखे विषाणू मावा काही सेकंदांच्या चाचपणीत देऊन जातो, औषधाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. म्हणून मातृझाडांपुरती तरी बारीक जाळी, बांध स्वच्छ ठेवणे आणि प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करणे, या कंटाळवाण्या गोष्टींना पर्याय राहत नाही. वीस-पंचवीस मातृझाडांची जाळी छोट्या शेताला झेपते, सगळ्या वाफ्यांची झेपत नाही.

ऋतूही येथे आपला हिशेब लावतो. थंड देशांत कंद हिवाळ्यात साठवतात, आपल्याकडे तो उन्हाळ्यात सुकतो आणि पावसात कुजतो; कापलेल्या पोकळ खोडात पाणी साठून मान सडते, आणि मान गेली की कंद गेला. डेलियाचे कंद लहान दिवसांत भरतात. बेळगावच्या अक्षांशावर दिवस बारा तासांखाली येतो तो साधारण नवरात्राच्या सुमारास. म्हणून मे महिन्यात जाळीत जागवलेल्या मातृकंदांची कटिंगे जूनमध्ये लावली, आणि पावसाळाभर ती लहान कुंड्यांतच राखली, तर दिवाळीनंतर प्रत्येक कुंडीत पुढच्या वर्षाचा बेताच्या आकाराचा कंद तयार होतो. या चक्रात शेतातून उकरलेला कंद पुन्हा मातृझाड म्हणून आत घ्यायचा नसतो. बेणे वाया जाते म्हणून तो नेमका घेतला जातो, आणि जाळीतला वर्षभराचा खर्च त्या एका कंदापायी फुकट जातो.