भागाकार लिहिला, निघाला गुणाकार

गेल्या रविवारी टिळकवाडीत ताईकडे जेवायला गेलो होतो. ताट वाढायच्या आधीच भाचा लॅपटॉप घेऊन समोर बसला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, माझा कंपायलर बिघडलाय वाटतं. मी सी भाषेत साधं दहानं भागायला सांगितलंय, खरं ह्यात भागाकारच नाही, कुठला तरी भलताच आकडा घेऊन गुणाकार करायलंय बघ की." (बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्या बेळगावकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

त्याच्या फंक्शनमध्ये एकच ओळ होती, आलेल्या ३२ बिटच्या बिनचिन्हाच्या (अनसाइन्ड) आकड्याला १० नं भागून उत्तर परत दे. (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं एक घर.) जीसीसी ह्या त्याच्या कंपायलरला 'मायनस एस' सांगितलं की तो प्रोग्राम न बनवता मधला असेंब्ली कोड, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या सूचना शब्दांत, फाईलमध्ये लिहून देतो, आणि 'मायनस ओ टू' म्हणजे जरा डोकं लावून लिही. तर निघालं हे, अक्षरं मी देवनागरीत उतरवतोय:

मूव्ह ईएएक्स, ईडीआय
मूव्ह ईडीएक्स, ३४३५९७३८३७
आयमूल आरएएक्स, आरडीएक्स
एसएचआर आरएएक्स, ३५
रेट

पाच ओळी. ईएएक्स, ईडीआय ही प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणांची नावं, रजिस्टर म्हणतात त्यांना. लिनक्सवर फंक्शनला दिलेला पहिला आकडा ईडीआयमध्ये येतो आणि उत्तर ईएएक्समध्ये ठेवायचं असा ठरलेला करार आहे, आरएएक्स म्हणजे तोच ईएएक्सचा खण पण पूर्ण ६४ बिट रुंदीचा. मूव्ह म्हणजे आकडा खणात ठेव, आयमूल म्हणजे गुणाकार, एसएचआर म्हणजे उजवीकडं सरकव, रेट म्हणजे परत जा. बास, एवढंच. लोक असेंब्ली म्हटलं की उगाच घाबरतात.

आधी कंपायलर काय चीज आहे ते सांगतो, आपण लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. कचेरीच्या आवारात टेबल टाकून अर्ज लिहून देणारे बसतात ना, तसा. खानापूरकडचा शेतकरी येतो, पहाणीत (तुमच्याकडचा सातबारा) नाव चुकलंय म्हणून आजोबांपासूनची सगळी हकीकत मराठीत सांगतो, आणि लिहिणारा कन्नडमध्ये अर्ज करून देतो. नवशिका असला तर शब्दाला शब्द लिहीत बसतो, बैल कधी विकला तेसुद्धा घालतो. मुरलेला असला तर वीस मिनिटं मान डोलवत ऐकतो आणि चार ओळी लिहितो, पण साहेबाच्या टेबलावर काम तेच होतं. कंपायलरला नियमच हा आहे, तुमची वाक्यं पाळायची सक्ती नाही, बाहेर दिसणारा परिणाम तोच आला पाहिजे.

मग भागाकार का टाळला? कारण भागाकार हे प्रोसेसरलाही आपल्यासारखंच किचकट काम आहे, एकेक टप्पा उरकत जायचं. काही वर्षांपूर्वीच्या इंटेल चिपांवर ३२ बिटच्या भागाकाराला चिपच्या आतल्या घड्याळाचे वीस-पंचवीस ठोके लागायचे, गुणाकार ३ ठोक्यात. नव्या चिपांत फरक कमी झालाय, संपलेला नाही.

आता माझा आवडता भाग. आमच्या गल्लीतले शेंगांचे व्यापारी ५ नं भागायचं असलं की भागत नाहीत. ३८७ भागिले ५? दुप्पट केली ७७४, शेवटचा आकडा खोडला, ७७. म्हणजे २ नं गुणून १० नं भागलं, आणि १० नं भागणं म्हणजे नुसता आकडा खोडणं, फुकटचं काम. हे सगळ्यांना येतं. पण ३ नं असं भागता येईल का? १००० ला ३ नं भागलं तर ३३३.३३ येतं, पूर्ण आकडा मिळत नाही, मग वरचा घेऊ, ३३४. आता कुठलाही आकडा ३३४ नं गुणा आणि शेवटचे तीन आकडे खोडा. २५ घेतले तर ८३५०, उरले ८, बरोबर. १०० घेतले तर ३३४००, उरले ३३, बरोबर. ४९९ घेतले तर १६६६६६, उरले १६६, बरोबर. आणि ५००? १६७०००, उरले १६७. चूक! खरं उत्तर १६६ आणि वर बाकी २.

ही चूक आली कुठून बघा. आपण ३३३.३३ ऐवजी ३३४ घेतलं, म्हणजे दर वेळी थोडं जास्त गुणतोय, आणि आकडा मोठा होईल तसं ते जास्तीचं साठत जातं. ५०० ला ते बरोबर एक तृतीयांश होतं आणि खरं उत्तर १६६.६७ वरून उडी मारून १६७ वर जातं. ४९९ पर्यंत मात्र एकदाही चुकत नाही, हवं तर कागद घेऊन बसा. आणखी एक आकडा वाढवून ३३३४ नं गुणलं आणि चार आकडे खोडले तर हीच गंमत ५००० ला मोडते.

म्हणजे मेख अशी, आकडा किती मोठा येऊ शकतो याची हद्द माहीत असली तर भागाकाराचा अचूक गुणाकार करता येतो. कॉम्प्युटरमध्ये हद्द ठरलेलीच असते, ३२ बिटात मावणारा सगळ्यात मोठा आकडा साधारण ४२९ कोटी. आणि बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ च्या आकडेमोडीत, १० ऐवजी २ चे घात, म्हणून एसएचआर ३५ म्हणजे शेवटचे ३५ बिट खोड. २ चा ३५ वा घात भागिले १० केलं की येतं ३४३५९७३८३६.८, वरचा पूर्ण आकडा ३४३५९७३८३७. हाच तो भाच्याचा भलताच आकडा! गुणकात जास्तीचं फक्त ०.२ गेलं, ते ४२९ कोटींपर्यंत साठून उत्तरात ०.०२५ ची भर घालतं, आणि १० च्या भागाकारात वाईटात वाईट अपूर्णांक ०.९, म्हणजे पुढच्या आकड्यापर्यंत ०.१ ची जागा शिल्लक. मावलं. मग ३४ का नको? ३४ ला १७१७९८६९१८.४ येतं, वर ढकलायला ०.६ लागतं, ती भर ०.१५ पर्यंत जाते, कुंपण ओलांडलं. ३३ आणि ३२ लाही नाही जमत. ३५ हा जमणारा पहिलाच आकडा आहे, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. (इथवर कोणी सुटलं असेल तर ३३४ वाला परिच्छेद परत वाचा, सगळं तिथंच आहे.)

भाच्याला पटेना. मग लूप (तेच काम परत परत करणारा कोड) लावून सगळे ४२९ कोटी आकडे दोन्ही पद्धतीनं काढून ताडून बघितले, ताई पोळ्या लाटत होती तेवढ्यात झालं, एकही फरक नाही.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलं तर लगेच एका काकांचा फॉरवर्ड, कॉम्प्युटरला संस्कृतच सगळ्यात चांगली कळते, नासानं सांगितलंय. नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज यांचा १९८५ सालचा 'एआय मॅगझिन'मधला लेख आहे, पण त्यात संस्कृत व्याकरणकारांची वाक्याचा अर्थ उलगडायची पद्धत आणि कॉम्प्युटरमध्ये ज्ञान मांडायची पद्धत यांची तुलना आहे, प्रोग्राम संस्कृतात लिहा असं काही नाही. चिपला संस्कृत कळत नाही, इंग्रजी नाही, कन्नड-मराठी वाद तर नाहीच नाही, तिला मूव्ह आणि आयमूलचे आकडे कळतात. आणि ही भागाकाराची युक्ती सगळ्या भाजकांसाठी नीट बसवून दाखवली टॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड आणि पीटर माँटगोमेरी यांनी, १९९४ च्या पेपरात. काकांनी अंगठा दाखवला आणि सुप्रभातचं फूल टाकलं.

जेवणानंतर भाच्याला आणखी दोन गमती दाखवल्या. १ ते १०० ची बेरीज करणारा लूप लिहायला लावला, असेंब्लीत लूपच नाही, सरळ 'मूव्ह ईएएक्स, ५०५०'. दुसरी जरा वांड. चिन्हासकटचा पूर्णांक क्ष घेऊन 'क्ष अधिक १ हे क्ष पेक्षा मोठं आहे का' असं विचारलं, तर कंपायलर क्षकडं ढुंकूनही न बघता १ परत देतो, म्हणजे हो. क्ष सगळ्यात मोठा असला तर? सीच्या नियमात असला आकडा हद्दीबाहेर जाऊ द्यायचा नाही ही प्रोग्रामरची जबाबदारी, तुम्ही ती पाळलीत असं कंपायलर गृहीत धरून चालतो. आपला अर्ज लिहिणाराही असंच करतो, तुम्ही खरं बोलताय हे धरूनच लिहितो, पुढं निस्तरायचं तुम्ही.

"मग भागाकार कधीच येत नाही होय?" भाच्यानं विचारलं. येतो की. कितीनं भागायचं तेच प्रोग्राम चालताना ठरणार असेल तर तो गुणायचा जादूचा आकडा आधी काढणार कसा, तिथं बिचारा डिव्ह, म्हणजे खरा भागाकार, येतोच. पण १० पक्का लिहिला असेल तर जीसीसी 'मायनस ओ टू' न सांगताही ही युक्ती सोडत नाही.

निघताना त्याला १० च्या जागी ७ घालून बघायला सांगितलं. ७ चा जादूचा आकडा ३२ बिटात मावत नाही, ३३ लागतात, मग कंपायलर वजाबाकी, सरकवणं, बेरीज असली कसरत करून तो एक बिट कसा लपवतो ते त्यालाच शोधू दे म्हटलं. रात्री अकराला त्याचा मेसेज आला, "मामा, ती मधली वजाबाकी कशाला?"