वाजवता येत नाही? तरीही या

“आम्हाला काही वाजवता येत नाही हो,” असं संगीतोपचाराच्या (म्युझिक थेरपीच्या) पहिल्या भेटीत हमखास कानावर येतं. वाजवता यायची गरजच नाही. खोलीत ड्रम, झायलोफोन, पियानो असतो. हाताला लागेल ते, सुचेल तसं वाजवायचं. थेरपिस्ट सोबत वाजवतो. यालाच आम्ही उत्स्फूर्त वादन म्हणतो.

समजा, एक मूल ड्रमवर एकच थाप मारून थांबलं. तो अजून नुसता आवाज आहे. थेरपिस्ट पियानोवर तेवढ्याच जोराचा एक स्वर देतो आणि थांबतो. मूल मान वर करतं. पुन्हा थाप, आता जरा जोरात, पियानोही जोरात. तिसऱ्या वेळी मूल हात वरच धरून ठेवतं आणि थेरपिस्टकडे टक लावून बघतं. ही थाप अजून पडलेलीही नाही, पण ती हाक झाली आहे. पहिलीला उत्तर मिळालं, म्हणून. पुढच्या आठवड्यात मूल आल्याआल्या हात तसाच वर धरतं, तेव्हा तो खेळ त्या दोघांचा झालेला असतो.

म्हणूनच “जोरात वाजवलं म्हणजे राग आहे का?” याला आमच्याकडे ठरलेलं उत्तर नाही. राग असेल, आनंदही असेल. आधी काय वाजलं, नंतर काय झालं, त्यावरून ते उलगडतं. मोठ्या माणसांसोबत आम्ही कधी वादनाचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकतो आणि मग बोलतो. “इथे मी घाबरलो होतो,” हे त्यांचं त्यांनाच ऐकू येतं.

संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष मुलांचे शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून मुलांसोबत असं काम केलं. आमची पद्धत त्याच वाटेवरची आहे. परिणामांबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. फिनलंडमध्ये नैराश्य असलेल्या ७९ प्रौढांचा अभ्यास झाला (२०११). नेहमीच्या उपचारांना अशा वादनाच्या सत्रांची जोड मिळालेल्यांची लक्षणं तीन महिन्यांनी इतरांपेक्षा जास्त कमी झाली होती. सहा महिन्यांनी मात्र तो फरक तेवढा ठळक राहिला नाही. ऑटिझम असलेल्या ३६४ मुलांच्या, ९ देशांतल्या अभ्यासात (२०१७) पाच महिन्यांनंतर लक्षणांच्या मोजणीत म्हणावा असा फरक आढळला नाही. त्यामुळे लक्षणं जातील असा शब्द आम्ही कुणालाच देत नाही.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मोठ्या आवाजाचा त्रास होत असेल तर आधी सांगा, ड्रम बाजूला ठेवून सुरुवात करू.