तासाला एकच गिऱ्हाईक जास्त

सुट्टीतल्या सेलमधून बाहेर पडणारा माणूस बहुधा कुणावर तरी चिडलेला असतो. पुढच्या बाईंनी ट्रॉलीभर सामान आणलं, काउंटरवरचा मुलगा संथ होता, मधेच एकजण घुसला. कुणी नाहीच सापडलं तर स्वतःवर चिडायचं: कशाला आलो इथं? यात थोडंफार तथ्य असेलही. पण सेलमधला बराचसा ताप कुणाच्या स्वभावातून येत नाही. तो एका साध्या भागाकारातून येतो.

बिलाचा एकच काउंटर आहे असं समजू. एका गिऱ्हाइकाचं बिल करायला सरासरी ३ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला २० जणांची सोय होते. तासाला १० जण आले तर काउंटर निम्मा वेळ रिकामा. तरीसुद्धा प्रत्येकाला बिल सुरू होण्यापूर्वी सरासरी ३ मिनिटं थांबावं लागतं, कारण माणसं सहा-सहा मिनिटांचं अंतर राखून येत नाहीत. कधी चौघं एकदम येतात, कधी बराच वेळ कुणी फिरकत नाही. तासाला १६ जण आले तर थांबणं १२ मिनिटांवर जातं. १८ आले तर २७ मिनिटं. आणि १९ आले तर ५७ मिनिटं.

१८ आणि १९ यांत फरक एका माणसाचा आहे. काउंटरवरचा मुलगा तोच, त्याचा वेगही तोच. तरी थांबण्याचा वेळ दुपटीहून जास्त झाला.

सूत्र असं आहे: काउंटर जेवढा वेळ कामात असतो, त्याला तो जेवढा वेळ मोकळा असतो त्यानं भागायचं आणि एका बिलाच्या वेळानं गुणायचं. ९५ टक्के काम, ५ टक्के मोकळा वेळ. भागाकार १९, गुणिले ३ मिनिटं, झाली ५७. भाजक शून्याकडे सरकू लागला की उत्तर हाताबाहेर जातं. अर्थात ही दीर्घकाळाची सरासरी आहे. माणसं कशीही, केव्हाही येतात आणि बिलांचा वेळ बराच कमीजास्त होतो, हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे. प्रत्येक बिलाला बरोबर ३च मिनिटं लागली असती, तर थांबणं निम्म्यावर आलं असतं. आणि तासाला २० किंवा त्याहून जास्त माणसं येऊ लागली, की सरासरी वगैरे काही उरतच नाही. रांग नुसती वाढत राहते, शटर खाली येईपर्यंत. सेलच्या दिवशी नेमकं हेच होतं.

ट्रायल रूमपुढची रांग बिलाच्या रांगेपेक्षा जास्त छळते, याचं कारणही इथंच आहे. तिथं एखादा दोन मिनिटांत बाहेर येतो, तर एखादा सात कपडे घेऊन आत शिरतो. सरासरी तेवढीच असली तरी चढउतार जितका मोठा, तितकी मागच्यांची प्रतीक्षा लांबते.

हे गणित दुकानांसाठी जन्मलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अॅग्नर क्रारुप एरलांग नावाचा गणितज्ञ होता. लोकांना फोन जोडून मिळण्यासाठी ताटकळावं लागू नये, म्हणून किती लाइन आणि किती ऑपरेटर ठेवावेत, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्यानं या विषयावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला आणि रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. टेलिफोनवरचा भार आजही ‘एरलांग’ या एककात मोजतात. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एका सोप्या नियमाची सिद्धता दिली, आणि तो रांगेत उभ्या माणसाच्या थेट कामाचा आहे. पुढची डोकी मोजा, मिनिटाला किती जण सुटताहेत ते पाहा आणि भागा. पुढे २४ जण आहेत आणि दोन मिनिटांत तिघं सुटताहेत, तर तुमचा नंबर साधारण १६ मिनिटांनी. थांबायचं की निघायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

मग दुकानदार काउंटर का वाढवत नाही? कारण सेल वर्षातले थोडेच दिवस असतो. त्या गर्दीला पुरतील एवढे काउंटर बांधले, तर उरलेलं वर्ष ते रिकामे राहतील. हे त्याचं म्हणणं मला पटतं. पण दुसरीही बाजू आहे: काउंटरवरच्या माणसाचा पगार त्याच्या हिशेबात येतो, रांगेतल्या चाळीस जणांचा वेळ येत नाही.

काउंटर न वाढवताही पुष्कळ काही करता येतं. समजा तीन काउंटर आहेत, प्रत्येकापुढे वेगळी रांग आहे आणि तिन्ही ९० टक्के व्यग्र आहेत. रांग न बदलता उभं राहिलं तर थांबणं सरासरी २७ मिनिटं. आता तिन्ही काउंटरांसाठी एकच रांग करा, ज्याचा नंबर येईल त्यानं मोकळ्या काउंटरवर जायचं. तेच कर्मचारी, तीच गिऱ्हाइकं, आणि थांबणं साधारण ८ मिनिटांवर येतं. वेगळ्या रांगांत एक काउंटर रिकामा आणि शेजारी पाचजण तिष्ठत, असं घडू शकतं. एकाच रांगेत ते घडत नाही. प्रत्यक्षात लोक या रांगेतून त्या रांगेत उड्या मारतात, म्हणून फरक कागदावरच्याइतका मोठा पडत नाही. तरी पडतो. शिवाय ‘माझीच रांग हळू’ ही तक्रार मिटते. ती तक्रार खोटी नसतेच मुळी. तीन रांगांपैकी तुमची सर्वांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोन वेळा कुठली तरी शेजारची रांग पुढे सरकताना दिसणारच.

एकच लांबलचक रांग मात्र दारातून बघणाऱ्याला घाबरवते, म्हणून कित्येक दुकानं ती टाळतात. एमआयटीचे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ च्या एका लेखात रांगेकडे न्यायाच्या नजरेनं पाहिलं. आपल्यामागून आलेला माणूस आपल्याआधी सुटला, तर मिनिटांच्या हिशेबापलीकडचा राग येतो, असा त्यांचा मुद्दा. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये मांडलेली निरीक्षणंही अशीच आहेत: रिकामं बसून काढलेला वेळ जास्त वाटतो, ज्याचं कारण कळत नाही ते थांबणं जास्त वाटतं, एकट्यानं थांबणं जास्त वाटतं. काउंटरवरचं मशीन बंद पडलं आणि कुणी काही बोललंच नाही, की त्या पाच मिनिटांची पंधरा होतात. ‘मशीन अडकलंय, पाच मिनिटं लागतील’ एवढं मोठ्यानं सांगायला काही खर्च येत नाही. तरी ते क्वचितच ऐकू येतं.

चालण्याचंही गणित साधारण असंच बिघडतं. मोकळ्या जागेत माणूस सेकंदाला सुमारे १.३ मीटर चालतो. दर चौरस मीटरमागे माणसं वाढू लागली की वेग घटतो, पण माणसं जास्त असल्यामुळे सुरुवातीला एकूण ये-जा वाढतच जाते. चौरस मीटरला साधारण दोन माणसांच्या आसपास ती कमाल गाठते. त्यानंतर आत येणारं प्रत्येक माणूस सगळ्यांचीच ये-जा कमी करतं. चारच्या पुढे गेलं की पाऊल कुठं टाकायचं हे आपण ठरवत नाही. सहा-सात झाली की धक्क्याच्या लाटा गर्दीतून फिरतात आणि माणसं उभीच्या उभी वाहून जातात.

दारापाशी आणखी एक विचित्र गोष्ट घडते. २००० मध्ये डिर्क हेल्बिंग, इलेश फारकश आणि तमाश विचेक यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात गर्दीचं संगणकी प्रारूप मांडलं. माणसं जितकी घाई करतात, तितकं दारातून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. नरसाळ्यात धान्य एकदम ओतलं की दाणे एकमेकांना रेटून तोंडावर कमान धरतात आणि सगळं ठप्प होतं. दारातल्या खांद्यांचंही तेच होतं. ही फक्त संगणकातली करामत असेल, अशी शंका घ्यायला जागा होती. पण स्पेनमधल्या संशोधकांनी पुढे खऱ्या माणसांना दारातून जायला लावलं आणि गोठ्याच्या दारातून घुसणाऱ्या मेंढ्यांचंही चित्रीकरण केलं. रेटारेटीनं होणारी कोंडी दोन्हीकडे सापडली. सेलची दारं उघडतात त्या क्षणाची चित्रफीत पाहिली की मेंढ्यांचा अपमान करावासा वाटत नाही.

हा विषय नेहमी हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या व्हॅली स्ट्रीम इथं पहाटे उघडणाऱ्या सेलसाठी सुमारे २,००० लोक दारापाशी जमले होते. मागच्यांच्या रेट्यानं दार मोडलं आणि दुकानातल्या एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं दुकानांसाठी गर्दी हाताळण्याच्या सूचना काढल्या: रांगेसाठी अडथळे दारापासून दूरवर सुरू करा, आत जाण्याची संख्या ठरवून द्या, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवा. अशा दुर्घटनांत अनेकदा माणसं तुडवली जाण्यापेक्षा छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यानं मरतात. पुढच्यांचा जीव गुदमरत असतो आणि मागच्यांना ते दिसत नाही, म्हणून ते ढकलत राहतात.

उकाडा आणि गोंगाट यांचं थोडक्यात सांगता येईल. स्वस्थ बसलेलं माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. एका दालनात दोनशे माणसं म्हणजे २० किलोवॅट, दिव्यांची उष्णता वेगळीच. आवाजाचं म्हणाल, तर गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये दाखवलं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या वर आवाज नेतो, दुसरा त्याच्या वर. भर म्हणून दुकानाचं संगीत.

आता खरा प्रश्न. एवढं सगळं दारातूनच दिसत असताना माणूस आत का जातो?

कारण गर्दी ही त्याला अडचण वाटत नाही, खूण वाटते. १९७५ मध्ये स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही जणांना दहा बिस्किटांच्या बरणीतून बिस्किट दिलं, काहींना दोनच असलेल्या बरणीतून. बिस्किटं एकाच प्रकारची. तरी दोनवाल्या बरणीतलं जास्त हवंसं वाटलं. त्यातही सर्वाधिक किंमत आली ती आधी दहा होती आणि मग दोन उरली तेव्हा, आणि इतरांनी मागितली म्हणून ती कमी झाली असं सांगितल्यावर. सेलमधला रॅक या प्रयोगासारखाच चालतो. डोळ्यांदेखत तो रिकामा होत असतो आणि रिकामा करणारी माणसं शेजारीच उभी असतात. सकाळी ज्या शर्टाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, तो आपल्या मापाचा शेवटचा उरला की हात आपोआप जातो.

त्यावर खोडलेली जुनी किंमत. अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या एका प्रयोगात लोकांपुढे आकड्यांचं चाक फिरवलं, आणि संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असं विचारलं. चाकावर १० आलेल्यांचे अंदाज २५च्या आसपास, ६५ आलेल्यांचे ४५च्या. चाकाचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. खोडलेल्या किमतीचा निदान वस्तूशी संबंध असल्याचा आव तरी असतो, मग तिचा पगडा बसला तर नवल काय? रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये आणखी एक फरक दाखवला: वस्तूचा उपयोग वेगळा आणि ‘सौदा चांगला झाला’ याचं सुख वेगळं. हे दुसरं सुख वस्तू नको असतानाही मिळतं. आणि तासभर रांगेत काढल्यावर रिकाम्या हातानं परतणं जिवावर येतं, म्हणून ट्रॉलीत दोन गोष्टी जास्तच पडतात.

म्हणजे जी गर्दी आपल्याला छळते, तीच आपल्याला आत ओढते. दुकानाला ती पूर्णपणे नाहीशी व्हायला नको असते. सेल महिनाभर पसरला, पहिल्या दिवसाची झुंबड पाच-सहा दिवसांवर वाटली गेली, तर रांगेचं गणित लगेच सुधारेल, कारण थांबणं वाढवतात ती शेवटचीच थोडी माणसं. पण मग रॅकपुढची ती घाईही ओसरेल. गिऱ्हाइकानं मात्र एवढं करायला हरकत नाही, की दिवसातल्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या तासातून बाजूला व्हावं. तासाला १९वा न होता ओसरत्या वेळी १६वा झालं, की ५७ची १२ मिनिटं होतात.

सुट्टी संपली की वस्तू परत करणाऱ्यांची रांग लागते. तिथं बहुधा एकच काउंटर असतो, आणि प्रत्येक पावती तपासायला बिलापेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून तोच भागाकार आणखी क्रूर होतो. तरी ती रांग असायला हवी त्याहून लहानच राहते, कारण एकदा आपली झालेली वस्तू सोडवत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांत कानेमन, नेच आणि थेलर यांनी काही जणांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि ते विकायला सांगितले. ज्यांना मग मिळाले नव्हते ते जेवढी किंमत देऊ करत होते, त्याच्या दुपटीहून जास्त मालकांनी मागितली. ते मग हातात येऊन तेव्हा काही मिनिटंच झाली होती.