जपानी लोकल वेळेवर धावते, ती रुळांमुळे

14 नोव्हेंबर 2017 रोजी टोकियोजवळच्या मिनामी-नागारेयामा स्थानकातून त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावरची एक गाडी वेळेच्या 20 सेकंद आधी सुटली आणि कंपनीनं जाहीर माफी मागितली. ही बातमी आपल्याकडे मोबाइलवर अजूनही फिरते, आणि खाली ठरलेलं तात्पर्य असतं: जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त आहे. हे तात्पर्य मला मान्य नाही. रक्तात वेळापत्रक नसतं. त्याच टोकियोत, तशाच शिस्तीच्या माणसांना घेऊन, ओदाक्यू कंपनीच्या गाड्या 2018 पर्यंत रोज सकाळी रखडत होत्या. एकामागे एक अडकून त्या इतक्या हळू सरकत, की रेल्वेकडून उशिराचा दाखला घेऊन ऑफिसात जाणं तिथं नेहमीचं होतं.

ओदाक्यूचा ओदावारा मार्ग 1 एप्रिल 1927 रोजी टोकियोतल्या शिंजुकूपासून ओदावारापर्यंत असा 82.5 किलोमीटर, एका झटक्यात आणि पहिल्या दिवसापासून विजेवर सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत सगळीकडे दुहेरी रूळही झाले. तेव्हा आजूबाजूला बरीचशी शेतीच होती. युद्धकाळात कंपनी तोक्यू कंपनीत विलीन झाली आणि 1948 मध्ये पुन्हा वेगळी झाली. हाकोनेच्या डोंगराकडे जाणारी रोमान्सकार ही आरामगाडी याच मार्गाची. तिच्या हलक्या ‘एसई’ गाडीनं सप्टेंबर 1957 मध्ये सरकारी तोकाइदो मार्गावर ताशी 145 किलोमीटरचा वेग गाठला. अरुंद रुळांवरचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता आणि तिच्यातून मिळालेलं ज्ञान पुढं शिनकान्सेन या बुलेट ट्रेनच्या कामी आलं. शेती जाऊन घरं आली, 1978 पासून गाड्या योयोगी-उएहारामार्गे थेट चियोदा मेट्रोच्या रुळांवरही जाऊ लागल्या, प्रवासी वाढत गेले. रूळ मात्र दोनच राहिले, एक जायचा आणि एक यायचा.

आता एका रुळावरून तासाला किती गाड्या जाऊ शकतात, हे मोजून पाहू. सिग्नल यंत्रणा रुळाचे तुकडे पाडते आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडते. ओदाक्यूची 10 डब्यांची लोकल सुमारे 200 मीटर लांब असते. स्थानकातून निघून स्वतःची लांबी पार करायला तिला साधारण 21 सेकंद लागतात. फलाटावर गर्दीत 60 सेकंद धरा. मागची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून ब्रेक लावत येते, तिला उभं राहायला आणखी 17 सेकंद. झाले 98. सिग्नल बदलण्याचा वेळ आणि सुरक्षिततेची मोकळीक धरली की आकडा सव्वाशे सेकंदांच्या आसपास जातो. ओदाक्यू गर्दीच्या तासाला 27 गाड्या सोडत होती, म्हणजे दर 133 सेकंदांना एक. रूळ काठोकाठ भरलेला होता.

या हिशेबात सगळ्यात नाजूक आकडा फलाटावरच्या 60 सेकंदांचा. वाटेतल्या शिमो-किताझावा स्थानकात इनोकाशिरा या दुसऱ्या मार्गाचे प्रवासी येऊन मिळतात. गाडी 10 सेकंद उशिरा आली की तेवढ्या वेळात फलाटावर आणखी माणसं साठतात. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून गाडी अजून उशिरा सुटते आणि पुढच्या स्थानकात तिच्यासाठी त्याहून मोठी गर्दी उभी असते. मागची गाडी सिग्नलला अडते, तिच्या मागची तिच्यामुळे. उशीर असा स्वतःच स्वतःला वाढवत जातो. चालक कितीही काटेकोर असला तरी हे गणित त्याच्या हातात नसतं.

त्यात जलद आणि धीम्या गाड्या एकाच रुळावर. मुंबईत फास्ट आणि स्लोचे रूळ वेगळे असतात, हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्याची किंमत लक्षात येत नाही. वेळापत्रक आखणारे आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन प्रत्येक गाडीची एक रेघ काढतात. रेघेचा चढ म्हणजे वेग. समजा धीमी गाडी थांबे धरून ताशी 36 किलोमीटरनं जाते आणि जलद गाडी 60 नं. जलद गाडी 2 मिनिटं मागून निघाली तर 60t = 36(t + 2), म्हणजे t = 3. तिसऱ्याच मिनिटाला, 3 किलोमीटरवर, दोन्ही रेघा एकमेकींना भिडतात. एका रुळावर त्या छेदू शकत नाहीत. मग धीमीला एखाद्या स्थानकात बाजूला उभी करा, नाहीतर जलदला तिच्यामागून रांगायला लावा. 133 सेकंदांच्या अंतरावर गाड्या धावत असताना बाजूला काढायलाही सवड नसते. नावाला जलद असलेल्या गाड्या म्हणूनच रांगत होत्या.

उपाय 1964 सालीच ठरला होता: चार रूळ. प्रत्यक्ष काम 1989 मध्ये सुरू झालं. मार्ग उंचावरून नेण्याविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला, पुढच्या वर्षी मूळ दावा मात्र फेटाळला. अरुंद गल्ल्यांच्या शिमो-किताझावात रूळ जमिनीखाली गेले, तेही दोन मजल्यांत: वर धीम्या गाड्या, खाली जलद. मार्च 2013 मध्ये एका रात्रीत सगळी वाहतूक खालच्या बोगद्यात वळवली. त्यानंतर धावत्या गाड्यांच्या डोक्यावर वरचा बोगदा बांधून काढला. या सगळ्या कामातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच.

मार्च 2018 मध्ये योयोगी-उएहारा ते नोबोरितो हा 11.7 किलोमीटरचा टप्पा पूर्ण चौपदरी झाला. 27 च्या जागी 36 गाड्या, पण आता दोन रुळांवर वाटलेल्या. प्रत्येक रुळावर सरासरी 200 सेकंदांचं अंतर आलं. उशीर झालाच तर तो मागच्या गाडीपर्यंत पोचण्याआधी जिरून जातो. गर्दीचं प्रमाण 192 टक्क्यांवरून 151 वर आलं. जपानी मोजणीत 100 टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा किंवा धरायला कडी किंवा खांब, 150 ला वर्तमानपत्र पसरून वाचता येतं, 200 ला अंगं एकमेकांवर दाबली जातात. याच मार्गावरच्या माचिदाहून शिंजुकूला सकाळी लागणारा वेळ साधारण 10 मिनिटांनी कमी झाला. आता ‘काइसोकु क्यूको’ ही अतिजलद लोकल नोबोरितोनंतर थेट शिमो-किताझावालाच थांबते. शेजारच्या रुळावर ‘काकुएकी’, म्हणजे प्रत्येक स्थानक घेणारी धीमी गाडी आपल्या गतीनं चालत असते आणि दोघींच्या रेघा बिनघोर एकमेकींना छेदतात.

नोबोरितोच्या पुढचं स्थानक मुकोगाओका-यूएन. तिथवर मात्र शिंजुकूकडे जाणारे रूळ दोन आणि परतीचा एकच आहे. त्यापलीकडे मार्ग पुन्हा 1927 सारखा दुहेरी होतो.