फॉर्म आय-९ (अमेरिका)

अमेरिकेत कुणालाही पगारावर कामाला घेतले की त्याची ओळख आणि काम करण्याची परवानगी तपासल्याची नोंद मालकाला एका फॉर्मवर करावी लागते. हाच फॉर्म आय-९. तो फक्त परदेशातून आलेल्यांसाठी असतो असे नव्याने गेलेल्या अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथेच जन्मलेल्या नागरिकालाही तो भरावाच लागतो.

बेकायदा आलेल्यांना आसरा देणे १९५२च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते, पण त्यांना कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी सूटही त्याच कायद्यात होती. तिला ‘टेक्सास प्रोव्हायझो’ म्हणत. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ रोजी इमिग्रेशन रिफॉर्म अँड कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली आणि परवानगी नसलेल्यांना जाणूनबुजून कामावर घेणे बेकायदा झाले. त्या तारखेनंतर नेमलेल्या प्रत्येकाचा आय-९ मालकाने जपून ठेवायचा असतो. तो सरकारकडे पाठवत नाहीत, तपासणी आली की दाखवतात.

फॉर्मचा पहिला भाग कर्मचाऱ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. त्यात चार चौकटी असतात: नागरिक, नागरिकत्व नसलेला ‘नॅशनल’ (उदाहरणार्थ अमेरिकन समोआत जन्मलेला), कायम रहिवासी (म्हणजे ग्रीन कार्डधारक) आणि कामाची परवानगी असलेला परदेशी. एच-१बी (कुशल नोकरदारांच्या व्हिसावर आलेला), ओपीटीवरचा (शिक्षणाला जोडून काही काळ काम करण्याची मुभा असलेला) विद्यार्थी, ईएडी (कामाच्या परवानगीचे) कार्ड मिळालेला एच-४ (म्हणजे एच-१बीवाल्याचा) जोडीदार हे सगळे चौथ्या चौकटीत येतात. इथे घाई करू नये. नागरिक नसताना नागरिकाच्या चौकटीवर खूण करणे ही नुसती कारकुनी चूक राहत नाही. नोकरीसाठी नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याचे ठरले तर पुढे ग्रीन कार्ड नाकारले जाऊ शकते, देशाबाहेरही काढले जाऊ शकते, आणि त्यातून सुटका फार क्वचित होते. तारखाही जपून लिहाव्यात. तिथे आधी महिना येतो, म्हणून ५ ऑगस्ट ०८/०५ असा लिहायचा. आपल्या सवयीने ०५/०८ लिहिले तर तो ८ मे होतो.

दुसरा भाग मालकाचा. काम सुरू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याने मूळ कागदपत्रे पाहून तो पुरा करायचा असतो. ‘अ’ यादीतले एकच कागदपत्र ओळख आणि परवानगी दोन्हींसाठी पुरते: अमेरिकी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी, किंवा एच-१बीवाल्याचा भारतीय पासपोर्ट आणि त्याची आय-९४ (देशात प्रवेश केल्याची सरकारी) नोंद. ते नसेल तर ‘ब’ यादीतले ओळखीचे (उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स) आणि ‘क’ यादीतले परवानगीचे (उदाहरणार्थ सोशल सिक्युरिटी कार्ड) अशी जोडी चालते. मात्र सोशल सिक्युरिटी कार्डावर ‘गृहसुरक्षा खात्याच्या परवानगीनेच कामासाठी वैध’ अशा अर्थाची ओळ छापलेली असेल तर ते ‘क’ यादीत चालत नाही, आणि व्हिसावर आलेल्या बहुतेकांच्या कार्डावर ती असतेच.

कोणते कागदपत्र दाखवायचे हे कर्मचारी ठरवतो. संपूर्ण व्यवस्थेत नवख्या माणसाला सर्वांत उपयोगी पडणारा नियम हाच, आणि नेमका तोच त्याला कुणी सांगत नाही. आपल्याकडे कचेरीत जाताना सगळी फाइल बरोबर नेण्याची सवय असते. एचआरने मागण्याआधीच पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लायसन्स, सगळे टेबलावर येते. त्याची गरज नाही. योग्य जोडी दिल्यावर ‘ग्रीन कार्डच दाखवा’ असा हट्ट केवळ कर्मचारी परदेशी दिसतो म्हणून धरणे, हा भेदभाव आहे आणि तो कायद्याने निषिद्ध आहे.

काही मालक आय-९मधली माहिती ई-व्हेरिफाय या सरकारी संगणकप्रणालीवरही पडताळतात. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखांतल्या पदवीधरांना ओपीटीची २४ महिन्यांची वाढ हवी असेल तर मालक तिथे नोंदलेला असावाच लागतो. मराठी नावांची अडचण इथे होऊ शकते. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे वा नवऱ्याचे नाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते गळलेले, लग्नानंतर आडनाव बदललेले. मग नोंदी जुळत नाहीत. अशा वेळी कर्मचाऱ्याने हरकत घ्यायचे ठरवले तर संबंधित सरकारी कार्यालयाशी संपर्क साधायला त्याला सरकारी कामकाजाचे आठ दिवस मिळतात, आणि निकाल लागेपर्यंत त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही.

परवानगीची मुदत संपत आली की मालक पुन्हा पडताळणी करतो. ग्रीन कार्डधारकाकडे मात्र कार्डाची मुदत संपली म्हणून मालकाला नवे कार्ड मागता येत नाही. ईएडीवाल्यांची स्थिती जास्त कठीण आहे. एच-४ जोडीदारांना ईएडी मे २०१५ पासून मिळू लागले आणि भारतातून गेलेल्या असंख्य स्त्रियांना पुन्हा नोकरी करता आली. पण ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ बहुतेक गटांत मिळत नाही. नवे कार्ड वेळेत आले नाही तर काम थांबवावे लागते, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मुभा मिळताच, म्हणजे साधारण सहा महिने आधी, करणे शहाणपणाचे.

कागदपत्रांवरून भेदभाव झाल्यास अमेरिकी न्याय खात्याच्या ‘इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन’कडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते.