काटा तोच, कंबर वेगळी

सोयाबीन बाजार समितीत नेले की काट्यावर फक्त वजन कळते. त्यात ओलावा किती आहे, हे वेगळ्या यंत्राने पाहावे लागते आणि भाव तिथेच अडतो. शरीराच्या वजनाचेही तसेच आहे. यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत ‘लग्नात होते तेवढेच वजन आजही आहे’ असे अभिमानाने सांगणारे पन्नाशीचे गृहस्थ भेटतात, मात्र लग्नातली पँट त्यांच्या कमरेवर चढत नाही. मधल्या काळात बैलजोडीमागचे चालणे ट्रॅक्टरने आणि शेतापर्यंतची पायपीट मोटारसायकलने संपवली. स्नायू घटले, चरबी तेवढीच वाढली आणि बेरीज तीच राहिली.

बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक, हे फसवे चित्र टिपू शकत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली.

हाच बदल उलट दिशेनेही घडवता येतो, आणि त्यातले गणित मोठे गमतीचे आहे. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. स्नायूचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग मात्र पाणीच असल्याने एक किलो स्नायूत याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा असते. त्यामुळे दोन किलो चरबी जाऊन दोन किलो स्नायू आले, तर काटा जागचा हलत नाही, पण शरीराच्या कोठारातून साधारण बारा-तेरा हजार किलोकॅलरी रिकाम्या होतात. हे काम चार महिन्यांत झाले असे धरले, तर रोजची तूट एका भाकरीपेक्षाही कमी भरते. म्हणजे वजन स्थिर आहे म्हणून खाणे आणि खर्च अगदी समसमान आहेत, हा समज चुकीचा आहे. चरबीचा स्नायू होत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. चरबी जळून तिचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो, आणि स्नायू अन्नातील प्रथिनांपासून वेगळा बांधला जातो.

खरी अडचण या प्रथिनांचीच आहे. साठ किलोच्या माणसाला एरवी रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात, पण स्नायू वाढवायचे असल्यास ७० ते ९५ ग्रॅम लागतात, आणि पातळ वरणाच्या एका वाटीतून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. घट्ट वरण, झुणका, अंडी, ताक-दही यांचा वाटा त्यासाठी वाढवावा लागतो. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात; ते पोत्यांनी पिकवणाऱ्या घरांत क्वचितच शिजते, हे मला नेहमी खटकते. मात्र ते कच्चे खाऊ नये, नीट भिजवून शिजवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

दिवसभर वाकून कापूस वेचल्याने थकवा येतो, पण स्नायूंवरचा भार वाढत जात नाही. आठवड्यातून दोन-तीनदा दंड-बैठका काढाव्यात आणि त्या सोप्या वाटू लागल्या की पाठीवर धान्याची पिशवी घेऊन भार थोडाथोडा वाढवावा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आणि पोट सुटलेल्यांना याचा लाभ सर्वाधिक होतो. आधीच पिळदार असलेल्यांना फारच कमी.

प्रगती पाहायला शिंप्याचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, महिन्यातून एकदा माप घ्यावे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून पुढे धोका मानला जातो.