आउटबोर्डचा जुना वॉशर जादा आवळून चालत नाही
पावसाळ्याआधी पंचगंगेकाठी बोटींची आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेली) इंजिनं तपासताना हमखास ऐकू येतं: ‘गिअर ऑइलच्या स्क्रूचा वॉशर जुनाच ठेवा, जरा जादा आवळा.’ हे चूक आहे. एकदा दबलेला फायबर वॉशर पुन्हा नीट बसत नाही. जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. पाणी शिरून ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात.

दरवेळी ऑइल बदलताना खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घ्या, इंजिनाच्या पार्ट नंबरप्रमाणेच. दबलेल्या वॉशरची जाडी मोजून नवा निवडण्यात उपयोग नाही. मोटारसायकलचा तांब्याचा तर नकोच; ओलाव्यात तांब्यामुळे अ‍ॅल्युमिनियम झिजतं. आणि जुना वॉशर बहुधा भोकाच्या तोंडाशीच चिकटून राहतो. तो खरवडून काढला नाही, तर नवाही गळणारच! ऑइल खालून भरा. वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा.